बाटली लावली का?

नथ्थू डॉक्टर मरावा असं सुगंधाबाईला वाटत नव्हतं. मेलेला माणूस काय कामाचा? त्याला लोक हार घालतात, तेरवीला पोटभर जेवतात आणि मागाहून चांगलंच बोलतात. तिला तो बोलायला हवा होता. गावासमोर, आणि त्याहून जास्त तिच्या पोरासमोर, प्रफुलसमोर. बोलायचं तरी काय होतं? एवढंच, की लटारूला त्याच्या बायकोच्या अळणी भाजीनं नाही मारलं, माझ्या बाटलीनं मारलं. एवढं बोलला की तो सुटला. आणि नाहीच बोलला, तर मग मेला तरी तिची हरकत नव्हती.

हा नथ्थू डॉक्टर कसा झाला हे चेकपांढरीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तरुणपणी तो गोंडपिपरीला एका खऱ्या डॉक्टरकडे झाडझूड करायला होता. मग सुया उकळायला लागला, मग टोचायला लागला. एक दिवस गावात परत आला, घराच्या छपरीत एक खाट टाकली, भिंतीत खुंटी ठोकली आणि डॉक्टर झाला. गाव जंगलाला लागून. सांजेला वाघाच्या भेवानं कोणी फाट्यापर्यंत जात नाही, तिथे घराशेजारी सुई टोचणारा माणूस म्हणजे देवच की. देवाला शिक्षण कोण विचारतं?

आणि या देवाचा प्रसाद म्हणजे बाटली. सलाईनला आमच्याकडे बाटली म्हणतात. ताप आला, बाटली. कंबर धरली, बाटली. धानाची रोवणी आटोपली की बाया ओळीनं येऊन बाटली लावून घ्यायच्या, अंगात ताकद येते म्हणून. आणि माणूस मोठ्या दवाखान्यातून घरी आला की पाहायला येणारा खाटेवर टेकायच्या आत विचारणार, "बाटली लावली का?" हो म्हटलं की मान हलवणार, चांगलं केलं. नाही म्हटलं की घरच्या बाईकडे असा पाहणार, जशी तिनं दुखणाईताच्या तोंडचं पाणी हिसकावलं. बाटली म्हणजे माया. ज्या घरात बाटली लागली नाही त्या घरात माया नाही, हा हिशेब इथं पक्का होता.

लटारू म्हणजे सुगंधाबाईचा नवरा. धिप्पाड गडी, धानाचं पोतं एकट्यानं बैलबंडीत टाकणारा. त्याचं हृदय फुगलं. पाय सुजले, आडवं झालं की दम लागायचा, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेला. तिथे त्यांनी सुया देऊन अंगातलं पाणी काढलं, पाय पुन्हा पायासारखे झाले, आणि घरी सोडताना रंजीता नावाच्या सिस्टरनं सुगंधाबाईला बाजूला घेऊन समजावलं. मीठ अगदी कमी. पाणी मोजून. लघवीची गोळी चुकवायची नाही. पायावर सूज दिसली की दम लागायची वाट न पाहता घेऊन यायचं. "आणि मावशी, घरी बाटली लावू नका. लावली तर छातीत पाणी भरेल आणि पुन्हा इथेच याल."

सुगंधाबाई शिकलेली नव्हती, पण एकदा ऐकलं की दगडावरची रेघ. तिनं लटारूची भाजी वेगळ्या लहान गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवायला सुरुवात केली, मिठाशिवाय. लटारू पहिल्याच घासाला ताट सरकवून म्हणाला, "हे का बैलाचं खाणं होय?"

"बैल तुमच्याहून बरा. तो गपगुमान खाते," ती म्हणाली.

पण लटारूचे पाय कोण बांधणार? तो उठायचा आणि थोरल्या भावाच्या, वारलूच्या घरी जायचा. तिथे झिंग्याची चटणी, लोणचं, पापड. वारलू म्हणजे सुगंधाबाईचा भासरा. भासऱ्यासमोर पदर डोक्यावर आणि तोंड बंद, हा रिवाज तिनं लग्नापासून पाळलेला. त्याचा फायदा घेऊन वारलू आंगणात उभा राहून गावाला ऐकू जाईल असं बोलायचा, "माह्या भावाले मीठ भी भेटत नाई घरात." मग मिठानं सूज यायची, गोळीनं थकवा यायचा, थकवा दिसला की वारलू नथ्थूला बोलवायचा, नथ्थू बाटली लावायचा, आणि लटारू धापा टाकत परत चांद्याला.

दुसऱ्या खेपेला रंजीता सिस्टर चिडली. "घरी असं काय करता तुम्ही लोक?" सुगंधाबाईनं बाटलीचं सांगितलं. तेव्हा सिस्टरनं नंबर विचारून स्वतःच्या मोबाईलवरून, तिच्यासमोर, नथ्थूला फोन लावला. या माणसाला बाटली लावायची नाही, एकही नाही, लावली तर जीव जाईल, असं स्पष्ट सांगितलं. पलीकडून नथ्थूचा आवाज सुगंधाबाईनं स्वतःच्या कानानं ऐकला. "हो जी म्याडम. समजलं जी."

समजलं होतं त्याला. हेच ती पुढे मनात घोकत राहिली.

कापणीचे दिवस होते. लटारू घरी आला, चार दिवस बरा राहिला, आणि सुगंधाबाईला धान कापायला जावंच लागलं, पिकलं धान काही माणसाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. ती दुपारी विळा हातात घेऊन परत आली तर घरच्या छपरीत लोक गोळा झालेले. खुंटीला बाटली, बाटलीत तळाशी थोडं पाणी, आणि लटारूच्या तोंडाला गुलाबी फेस. नथ्थू बाजूला उभा राहून सांगत होता, "घाबरा होते थोडा वेळ. मंग बरं वाटते." तिनं विळा फेकला आणि नळी ओढून काढली. गाडी बोलावली. चांदा यायच्या आत लटारू गेला.

तेरवीला नथ्थूनं काय करावं? गप बसावं की नाही? पण पापी माणसाला गप बसवत नाही. पंगत उठल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अळण्यानं माणूस अंदरून खंगते बाप्पा. मी बाटली लावली म्हणून गाडीत बसेपर्यंत तरी टिकला." सुगंधाबाई तेव्हा पदर-बिदर विसरून ओरडली, की याला सिस्टरनं फोन केला होता, मी ऐकलं. नथ्थूनं कपाळाला हात लावून गावदेवीची, मातामायची आण घेतली. असा फोन आलाच नाही. दवाखानेवाले आपली चूक झाकायला दुसऱ्यावर ढकलतात, आणि बाईचं डोकं दुःखानं फिरलं आहे, असंही वर म्हणाला. सिस्टरची बदली तोवर आलापल्लीकडे कुठेतरी झालेली. विचारायचं कोणाला?

गावानं ठरवून टाकलं. सुगंधीनं नवऱ्याला अळणी घालून मारला.

गावाचं ती गिळू शकली असती. गाव काय, आज तिला बोलतं, उद्या दुसरीला. पण प्रफुल तेव्हा पंगतीच्या पत्रावळी उचलत होता आणि त्यानं नथ्थूचं बोलणं ऐकलं. तिचा एकुलता एक पोरगा, कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणात माणूस ऐकतो तरी. तो नुसता तिच्या हातचं खायचा बंद झाला. सणाला यायचा, पाया पडायचा आणि जेवायला वारलूकडे जायचा. सून पुनम सासूजवळ बसून मुकाट्यानं जेवायची आणि डोळे वर करायची नाही. सुगंधाबाई पोरासाठी वाढलेलं ताट सकाळी कुत्र्याला घालायची. त्या प्रत्येक ताटागणिक नथ्थूच्या नावानं तिच्या मनात एक एक निखारा पडत होता.

दुसरा पावसाळा सरत आला तेव्हा तिला ते दिसलं. नथ्थूच्या घरावरून जाताना तिनं पाहिलं, डॉक्टर खाटेवर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला आहे. तोंड उघडं, पाय खाली सोडलेले, आणि पायाच्या घोट्याचा पत्ताच नाही. ती तिथे जरा जास्तच थांबली. असे पाय तिनं रोज स्वतःच्या हातानं दाबून पाहिले होते, बोटाचा खड्डा किती वेळ राहतो ते बघत. पुढच्या आठवड्यात कळलं की डॉक्टर नागपूरला पोरीकडे गेले आहेत, हवापालटाला. नागपूरला हवा खायला जातो कोण? तिनं काय ते ओळखलं. लपवणार नाही तर काय करणार? गावाला बाटल्या लावणारा स्वतः दवाखान्यात पडला हे कळलं तर दुकान बसलंच.

परत आला तेव्हा पाय बारीक झालेले. सुगंधाबाई ताक मागायच्या निमित्तानं त्यांच्या मागच्या दारी गेली. नथ्थूची बायको कलाबाई स्वयंपाक करत होती. चुलीवर मोठ्या गंजात सगळ्यांची वांग्याची भाजी आणि बाजूला, निखाऱ्यावर, एक लहान गंज. कलाबाई ताक आणायला आत वळली आणि सुगंधाबाईनं लहान गंजातली भाजी बोटावर घेऊन जिभेला लावली.

अळणी. ठार अळणी.

त्या क्षणी तिला रडूही आलं आणि हसूही. ज्या भाजीपायी तिचं तोंड काळं झालं ती भाजी हा घरात बसून चाटूनपुसून खातो आहे. म्हणजे याला समजलं होतं, समजतं आहे, आणि अजूनही हा बाहेर खुंटीला बाटल्या टांगतो आहे, आता स्वतःच्या नाही तर पुतण्याच्या हातानं. अंकुश म्हणजे तो पुतण्या, तिशीतला, काकाकडूनच सुई टोचायला शिकलेला आणि काकापेक्षाही कमी जाणणारा. कलाबाईनं ताक आणून दिलं. सुगंधाबाई म्हणाली, "भाजीचा वास मोठा छान येऊन राह्यला, कलाबाई." आणि घरी आली.

चार माणसांत ओरडून सांगता आलं असतं. पण मागे ओरडून तिला काय मिळालं होतं? ती घाई करणार नव्हती. साप मारायचा तर तो बिळाबाहेर यावा लागतो.

नथ्थूला पुन्हा दवाखान्यात जावं लागलं ते त्याच्याच ढोंगानं. शारदा उत्सवाच्या महाप्रसादाला त्याला पहिल्या पंगतीत बसवलं. सगळ्यांसमोर पातोडीची भाजी, लोणचं, पापड नको म्हणायचं तरी कसं? खाल्लं सगळं, वर मागून खाल्लं. दोन दिवसांत ओठ निळे. या वेळी अख्ख्या गावासमोरून गाडी त्याला घेऊन चांद्याला गेली, तेव्हा हवापालटाची गोष्ट संपली. दिवाळी झाल्यावर, मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या आधी, तो घरी आला. थकवा आला होता, शुगर वाढली होती, असं कलाबाईनं सगळ्यांना सांगितलं.

आता सुगंधाबाईनं एक साधं काम सुरू केलं. ज्याची त्याची चौकशी करायची. हापशीवर पाणी भरताना शेजारणीला विचारलं, "डॉक्टरले बाटली लावली का जी?" शेजारीण म्हणाली, काजून बाप्पा, दिसली तर नाही. धानाच्या बांधीत कापताना विचारलं, "एवढा मोठा डॉक्टर घरी आला, बाटली नाई लावली म्हंते?" दळणाच्या गिरणीत विचारलं, "पुतण्या असून काकाले बाटली नाई? का गोष्ट आहे?" बस. एवढंच. बाकीचं काम गावानं केलं, गावाला असलं काम शिकवावं लागत नाही. दोन दिवसांत अंकुशला लोक रस्त्यात अडवून विचारायला लागले. कोणी म्हणालं, काका मेला की दुकान याचंच, म्हणून लावत नाही. अंकुशचं तोंड उतरलं, आणि मंडईच्या दिवशी सगळ्यांसमोर लावतो, असं तो एकदाचं बोलून बसला. तिच्यावर जे जे आलं होतं ते ते त्या घरावर येताना ती पाहत होती आणि तिला ते फार गोड लागत होतं.

मंडईच्या दिवशी प्रफुल आणि पुनम आले. चौकात खेळणी, जिलबी, पाळणा, संध्याकाळच्या नाटकाचा मंडप. प्रफुल आईच्या पाया पडला आणि वारलूकडे निघाला.

"थांब," सुगंधाबाई म्हणाली. "नथ्थूभाऊले पाहून येऊ. तुह्या बापाची शेवटची सेवा त्यानंच केली. आज बाटली लावून राह्यले त्याले."

प्रफुल चकित झाला. आईच्या तोंडून नथ्थूचं नाव त्यानं तेरवीनंतर असं सरळ ऐकलं नव्हतं. तो निघाला, वाटेत वारलू मिळाला, आणि ते सगळे मिळून नथ्थूच्या आंगणात आले.

आंगण भरलं होतं. मंडईला आलेले पाहुणेसुद्धा डॉक्टरला पाहायला आलेले. नथ्थू छपरीत खाटेवर उशा पाठीशी घेऊन बसला होता, अंगावर धुतलेला सदरा, चेहऱ्यावर ओढूनताणून हसू. अंकुश दुकानातून बाटली, नळी, सुई घेऊन आला. "काका, आज लावूनच टाकतो. गाव तोंडावर बोलून राह्यलं."

"सकारी लाव," नथ्थू म्हणाला. "आज मंडई आहे, पाहुणे आहेत."

"पाहुणे पाहाले तर आले," वारलू म्हणाला. "लोकाईच्या घरी जाऊन बाटली लावता आन् स्वतःले नाई? असं कसं जमन डॉक्टर?"

"शीर नाई भेटत माही."

"मले शीर पाह्यनं तुमीच शिकवलं, काका," अंकुश म्हणाला, आणि लोक हसले.

दारात कलाबाई उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "राहू द्या ना जी. त्याईले नाई आवडत," ती हळूच म्हणाली.

"बाटली का आवडाची वस्तू होय?" वारलू म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले. मायेचं हसणं होतं ते. लटारूच्या छपरीतही असेच हसले असतील.

पाहुण्यांसाठी खाट पुढे ओढलेली, त्यामुळे खुंटी दूर राहिली, नळी पुरेना. अंकुश इकडे तिकडे पाहायला लागला तेव्हा सुगंधाबाई पुढे झाली. "आन इकडे. मी धरतो." तिनं बाटली घेतली आणि हात उंच केला. नथ्थूनं वर पाहिलं. बाटली पाहिली, मग बाटली धरणारी पाहिली, आणि त्याच्या डोळ्यांतलं हसू विझलं. तो समजला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. बोल, नाहीतर मर. तिच्या मनात यापेक्षा वेगळं काही नव्हतं, आणि याची तिला लाजही वाटत नव्हती.

अंकुशनं दंड बांधला, शीर शोधली, सुई आत गेली. नळीवरची चाकी त्यानं सैल केली आणि थेंब पडायला लागले.

"बंद कर," नथ्थू म्हणाला.

"अजून तर सुरू नाई झाली, काका."

"बंद कर म्हणतो ना. मले नाई चालत हे. छातीत पानी भरते यानं."

मग वारलूच हसला. "बाटलीनं पानी भरते? मंग गावभर लावली ते का होती?"

आणि सुगंधाबाई इतक्या गोड आवाजात बोलली, की पुनमनं दचकून तिच्याकडे पाहिलं. "दवाखान्यातल्यानं सांगतलं असंन त्याईले. त्याईचं काऊन आयकता, डॉक्टर? ते आपली चूक झाकाले दुसऱ्यावर ढकलतात. तुमीच तर सांगतलं होतं तेरवीले. अंकुश, धार वाढव."

अंकुशचा हात चाकीकडे गेला. गावात काकाचाच शब्द चालायचा ना, तोच शब्द होता तो, नुसता दुसऱ्याच्या तोंडून आलेला. नथ्थूनं मोकळ्या हातानं त्याचं मनगट धरलं. कपाळावर घाम आला होता.

"नको बेटा. खरंच सांगतो. मी पाह्यलं आहे."

"कोनाचं पाह्यलं?" सुगंधाबाईनं विचारलं.

थेंब पडत होते. तिचा हात भरून आला होता पण तिनं तो इंचभरही खाली केला नाही.

"कोनाचं पाह्यलं, नथ्थूभाऊ?"

"लटारूचं," तो म्हणाला. आणि एकदा बांध फुटला की पाणी कुठं थांबतं? "सिस्टरचा फोन आला होता मले. याले बाटली लावू नका म्हणे. मले वाटलं एका बाटलीनं का होते. वारलूभाऊ बोलवाले आले, लोक जमले, नाई म्हणलं तर म्हणतीन डॉक्टरले जमत नाई. अर्धी गेली तवाच त्याले फेस आला. मले समजलं होतं. पण लोक पाहून राह्यले होते, सुई काढली असती तर चूक माही ठरली असती. म्हणून नाई काढली. आता काढ रे अंकुश, पाया पडतो तुह्या."

अंकुश जागच्या जागी थिजला होता. चाकी सुगंधाबाईच्या दुसऱ्या हाताजवळ लोंबत होती, तिनं ती बोटात धरली. पण फिरवली नाही.

"मागच्या लोकाईले आयकू नाई आलं," ती म्हणाली. "अजून एकदा सांगा. मोठ्यानं. नावासकट सांगा, मले त्याईचं नाव घेता येत नाई."

नथ्थूला दम लागत होता, बाटलीनं की भीतीनं हे त्यालाही कळलं नसेल. त्यानं पुन्हा सांगितलं. लटारूला माझ्या बाटलीनं मारलं, अळण्यानं नाही. फोन आला होता, मी मातामायची खोटी आण घेतली. शेवटचे शब्द मंडपातल्या भोंग्याच्या गाण्यापेक्षा मोठ्यानं ओरडून सांगावे लागले, तेही त्यानं सांगितले. तेव्हा तिनं चाकी फिरवली. थेंब थांबले. बाटली तिनं अंकुशच्या हातात दिली आणि डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर घेतला.

मग ती वारलूकडे वळली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्याच्याशी समोरासमोर पहिल्यांदाच बोलत होती. "आता सांगा गावाले, तुमच्या भावाले मीठ कोन देत नव्हतं आन् काऊन देत नव्हतं ते." वारलू खाटेच्या काठावर बसला. प्रफुल कुठं उभा आहे हे तिनं मुद्दामच पाहिलं नाही. एवढा वेळ त्यानं तिला वाट पाहायला लावली होती, आता तिच्याकडे वेळच वेळ होता.

दिवे लागायच्या वेळी तो घरी आला. त्यानं हातपाय धुतले. मग पाटावर येऊन बसला. सुगंधाबाईनं ताट वाढलं: भात, वरण, वांग्याची भाजी. प्रफुलनं पहिला घास घेतला आणि थांबला. त्यानं पुनमकडे पाहिलं, मग भाजीकडे. सुगंधाबाईनं मीठ मुद्दाम घातलं नव्हतं, ना भाजीत, ना वरणात. मिठाचा डबा तिच्या हाताशीच होता. त्यानं मागितलं नाही, तिनं दिलं नाही. सगळं ताट त्यानं पुसून खाल्लं, डोळ्यांतून पाणी गाळत. मग तिनं त्याला दुसऱ्यांदा भाजी वाढली, तीही तशीच.

पुढचंही सांगून टाकतो, नाहीतर कोणाला वाटायचं की एवढ्यावर तिचं मन भरलं. अंकुशनं सुया फेकल्या आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. नथ्थू मात्र जिवंत आहे. आता चांद्याहून कोणी माणूस दवाखान्यातून सुटून आला की सुगंधाबाई त्याच्या घरच्यांना पहिल्यांदा नथ्थूच्या छपरीत घेऊन जाते. त्यांना खाटेसमोर बसवते आणि म्हणते, सांगा. मग नथ्थूला सगळं सांगावं लागतं. मीठ कमी, गोळी चुकवायची नाही, सूज दिसली की लवकर जायचं, विचारल्याशिवाय बाटली लावायची नाही. आणि शेवटी लटारूचं, पहिल्यापासून. एक शब्द गाळला तर ती गाळलेल्या ठिकाणाहून पुन्हा सांगायला लावते. गावातली माणसं पूर्वीसारखी आठ-पंधरा दिवसांत परत चांद्याला जात नाहीत, हे खरं. सुगंधाबाईनं गावाचं भलं केलं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. तिनं भलं करायला काहीच केलं नव्हतं.

परवाच्या दिवशी एक कुटुंब ऐकून गेलं आणि नथ्थूनं भिंतीला डोकं टेकलं. "किती दिवस सांगाचं, सुगंधाबाई? थकलो मी. मले मरू दे आता."

"मरून कसं जमन?" ती म्हणाली. "तुमी मेले तर सांगन कोन?"

आणि ती उठून मागच्या दारी गेली. कलाबाईनं तिला पाहिलं आणि न बोलता बाजूला सरकली. सुगंधाबाईनं निखाऱ्यावरच्या लहान गंजाचं झाकण काढलं, भाजी बोटावर घेतली आणि चाखून पाहिली. मीठ नव्हतं. तिनं झाकण नीट परत ठेवलं आणि घरी गेली.